ज्युदोचे आचार्य जिगोरो कानो

तालमीच्या तांबड्या मातीत दोन मल्ल समोरासमोर उभे आहेत. एक धिप्पाड, भरदार छातीचा. दुसरा शेलाट्या अंगाचा. धिप्पाड मल्ल त्वेषाने अंगावर चालून येतो. आता हा लहान गडी चिरडला जाणार, असे पाहणाऱ्यांना वाटते. इतक्यात लहान गडी किंचित बाजूस सरतो, प्रतिस्पर्ध्याचा हात पकडून चपळाईने पाठ वळवतो आणि पापणी लवते न लवते तोच तो धिप्पाड मल्ल पाठीवर पडून आकाश पाहू लागतो. धोबीपछाडीचा डाव साधलेला असतो. कुस्तीच्या फडात असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो पाहून मनात सहज प्रश्न उभा राहतो, की ज्याचे बळ अधिक तो हरला कसा?

हाच प्रश्न जपानमधील एका किरकोळ शरीराच्या मुलाला पडला. त्याचे उत्तर शोधण्यात त्याने आपले आयुष्य वेचले. त्या शोधातून एक नवी विद्या जन्माला आली आणि ती शिकविण्याची नवी रीतही निर्माण झाली. त्या विद्येचे नाव ज्युदो आणि त्या मुलाचे नाव जिगोरो कानो.

जिगोरोचा जन्म १८६० साली जपानमधील मिकागे या समुद्रकाठच्या गावी झाला. हे गाव आता कोबे शहराचा एक भाग बनले आहे. तांदळापासून साके नावाचे मद्य तयार करण्याच्या धंद्यात कानो घराण्याचा त्या भागात मोठा लौकिक होता. घरी कशाची वाण नव्हती. वडील जिरोसाकू हे सरकारच्या जहाजवाहतुकीच्या कामात गुंतलेले असत. आई सादाको प्रेमळ, पण शिस्तीची कडक होती. जिगोरो अवघा नऊ वर्षांचा असताना त्याचे मातृछत्र हरपले. त्यानंतर वडिलांनी त्याला आपल्याबरोबर टोकियोला नेले.

तो काळ जपानमध्ये मोठ्या स्थित्यंतराचा होता. १८६८ साली शोगुन नावाच्या सेनाधिपतींची सत्ता संपली आणि सम्राट मेइजी यांच्या नावाने नवे राज्य सुरू झाले. आगगाडी, तारायंत्र, नव्या धर्तीच्या शाळा आणि कारखाने यांचे युग अवतरले. १८७६ साली सामुराई योद्ध्यांना कमरेला तलवार लावण्याचीही बंदी झाली. जुने ते सारे टाकाऊ आणि पाश्चात्त्यांकडून आले ते सारे श्रेष्ठ, अशी अनेकांची समजूत होऊन बसली. या लाटेत जपानची जुनी मल्लविद्याही मागे पडली. तिला जुजुत्सु म्हणत. हाती शस्त्र नसताना शत्रूशी कसे झुंजावे, त्याला कसे पाडावे, त्याचे हात कसे जखडावे, हे त्या विद्येत शिकवीत. तिच्या अनेक परंपरा होत्या आणि प्रत्येक परंपरा आपले डाव जिवापाड जपून ठेवीत असे. पण आता शिष्य मिळेनात. कित्येक नामांकित गुरू मोडलेली हाडे बसविण्याचा व्यवसाय करून कसेबसे पोट भरीत होते.

वयाच्या चौदाव्या वर्षी जिगोरो टोकियोतील एका खाजगी वसतिगृह-शाळेत दाखल झाला. तेथे इंग्रजी व जर्मन भाषांतून शिक्षण चाले. जिगोरो अभ्यासात हुशार होता, पण अंगाने अगदीच लहानखोरा. मोठेपणीसुद्धा त्याची उंची ५ फूट २ इंचांच्या आसपासच राहिली. शाळेतील दांडगट मुलांना हे सावज आयतेच सापडले. ती त्याला ढकलीत, पाडीत आणि वर हसत. बुद्धीने तो कोणालाही हार जात नसे. परंतु मुठी आवळून कोणी समोर उभा राहिला, की त्याची सारी विद्या निरुपयोगी ठरे. हा अपमान त्याच्या मनाला फार लागला.

कानो कुटुंबाच्या परिचयाचे नाकाई नावाचे एक गृहस्थ होते. ते पूर्वी शोगुनांच्या सेवेत होते. लहान शरीराचा मनुष्यही जुजुत्सुच्या बळावर मोठ्या मनुष्याला नमवू शकतो, असे एकदा त्यांच्या बोलण्यात आले. जिगोरोचे कान टवकारले. आपल्याला ती विद्या शिकवावी म्हणून त्याने त्यांची वारंवार विनवणी केली. पण ती जुनी विद्या आता काय कामाची, असे म्हणून त्यांनी त्याची समजूत घातली. वडिलांचेही मत तेच पडले. दुसरा एखादा मुलगा असता तर एवढ्यावरच गप्प बसला असता. जिगोरो गप्प बसला नाही.

१८७७ साली तो विद्यापीठात शिकू लागला, तेव्हा त्याने शोधाची एक युक्ती काढली. जुजुत्सुचे जुने गुरू हाडवैद्य बनले आहेत, हे त्याला ठाऊक होते. म्हणून हाडवैद्याची पाटी दिसली, की तो आत शिरे आणि आपण जुजुत्सु जाणता काय, अशी नम्रपणे पृच्छा करी. बहुतेक ठिकाणी नकारच मिळे. अखेरीस यागी नावाच्या एका वृद्ध हाडवैद्यांनी त्याला फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे पाठविले. फुकुदा हे तेन्जिन शिन्यो परंपरेचे जाणते गुरू होते. त्यांची तालीम छोटी होती आणि शिष्य मोजकेच होते. पण जिगोरोला हवा असलेला दरवाजा उघडला होता.

फुकुदांची शिकविण्याची तऱ्हा जुन्या वळणाची होती. एके दिवशी त्यांनी जिगोरोला एका डावाने खाली आपटले. हा डाव नेमका कसा करावयाचा, हात कोठे ठेवावयाचा, पाय कोठे टाकावयाचा, असे त्याने विचारले. गुरूंनी उत्तर न देता त्याला पुन्हा आपटले. त्याने पुन्हा विचारले. गुरूंनी पुन्हा आपटले. आपटून घेता घेताच डाव अंगात मुरेल, असे त्यांचे म्हणणे. अनुभवाने शिकलेले कधी विसरत नाही, हे जिगोरोला पटले. परंतु शिष्याच्या प्रश्नाला उत्तरही मिळाले पाहिजे, ही गोष्टही त्याच्या मनात तेव्हाच रुजली असावी. कारण पुढे तो स्वतः गुरू झाला, तेव्हा प्रश्नोत्तरांना त्याने आपल्या शिक्षणात मानाचे स्थान दिले.

त्या दिवसांत जिगोरोचे अंग नेहमी ठेचाळलेले आणि खरचटलेले असे. हातापायांवर जागोजागी औषधी लेपाच्या पट्ट्या चिकटविलेल्या असत. त्या लेपाच्या वासावरून विद्यापीठातील सोबती त्याची थट्टा करीत. जिगोरोने ती हसण्यावारी नेली आणि सरावात एका दिवसाचाही खंड पडू दिला नाही.

फुकुदांच्या तालमीत फुकुशिमा नावाचा एक दणकट शिष्य होता. जिगोरोपेक्षा तो वजनाने खूपच भारी. काही केल्या जिगोरोला तो आवरेना. तेव्हा जिगोरोने अभ्यासू विद्यार्थ्याचा मार्ग धरला. प्रथम त्याने सुमो या जपानी कुस्तीतील डाव शिकून पाहिले. त्यांचा उपयोग झाला नाही. मग त्याने ग्रंथालय गाठले आणि पाश्चात्त्य कुस्तीवरील पुस्तके धुंडाळली. त्यांत प्रतिस्पर्ध्याला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलून टाकण्याचा एक डाव त्याला आढळला. मित्राला जोडीला घेऊन त्याने तो डाव पुन्हा पुन्हा घोटला. एक दिवस फुकुशिमा समोर येताच जिगोरो झटकन खाली वाकला, त्याच्या पोटाखाली शिरला आणि बघता बघता तो भारी गडी जिगोरोच्या खांद्यांवरून पलीकडे जाऊन पडला. हा डाव आजही ज्युदोत काता-गुरुमा, म्हणजे खांद्यावरचे चाक, या नावाने शिकविला जातो.

१८७९ साली फुकुदांचे निधन झाले. त्यानंतर जिगोरोने त्याच परंपरेतील वृद्ध गुरू इसो मासातोमो यांचे शिष्यत्व पत्करले. इसो यांचा भर ठरावीक क्रमाने करावयाच्या डावांवर होता. १८८१ साली तेही निवर्तले. मग जिगोरो कितो परंपरेचे गुरू इइकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे गेला. इइकुबो वयस्क होते. पण फेकीचे डाव टाकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अशा प्रकारे एका गुरूकडून चिकाटी, दुसऱ्याकडून रेखीवपणा आणि तिसऱ्याकडून फेकीची कला, अशी तिहेरी शिदोरी जिगोरोला लाभली. विशेष हे, की हे सारे चालू असताना त्याचे विद्यापीठातील शिक्षण कोठेही अडले नाही. १८८१ साली तो पदवीधर झाला आणि लवकरच गाकुशुइन या प्रख्यात शाळेत अध्यापक म्हणून काम करू लागला.

१८८२ साली, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, कानोंनी टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिराच्या आवारात आपली स्वतःची तालीम सुरू केली. तिचे नाव कोदोकान. या नावाचा अर्थ, मार्गाचा अभ्यास करण्याचे स्थान. जमिनीवर १२ चटया अंथरलेल्या. जपानी चटई सुमारे ६ फूट लांब व ३ फूट रुंद असते. यावरून जागा किती अपुरी होती, हे ध्यानात येईल. पहिल्या वर्षी शिष्य होते केवळ नऊ. तोमिता त्सुनेजिरो आणि साइगो शिरो हे त्यांतील दोन प्रमुख शिष्य. कानो तालमीचा खर्च आपल्या मिळकतीतून करीत आणि तो भागावा म्हणून रात्री जागून भाषांतराचे काम करीत.

मंदिरात तालीम म्हणजे एक संकटच होते. शिष्य एकमेकांना आपटू लागले, की जमीन हादरे, फळ्या निखळत आणि मृतांच्या स्मरणार्थ मांडलेल्या पाट्या उलथून पडत. भिक्षूंची प्रार्थना आणि शिष्यांची धपाधप यांचा मेळ बसणे कठीणच होते. अशा वेळी कानो रात्री दिवा घेऊन जमिनीखालच्या पोकळीत शिरत आणि निखळलेल्या फळ्या स्वतःच्या हातांनी नीट बसवीत. दिवसा शाळेत मानाने शिकविणारा हा अध्यापक रात्री धुळीत सरपटत सुतारकाम करी, याची त्याला लाज वाटत नसे.

आपल्या विद्येला कानोंनी जुजुत्सु हे जुने नाव न ठेवता ज्युदो म्हटले. ज्यु म्हणजे मृदू, लवचीक. जुत्सु म्हणजे कसब, आणि दो म्हणजे मार्ग. केवळ शत्रूला लोळविण्याचे कसब शिकविणे, हा त्यांचा हेतू नव्हता. मनुष्याने कसे वागावे, याचा मार्ग त्यांना दाखवावयाचा होता. नावातील या छोट्या बदलात त्यांचा सारा विचार साठविलेला आहे.

आता त्यांची शिकविण्याची रीत पाहू. कोदोकानमध्ये आलेल्या नव्या विद्यार्थ्याला आधी पाडण्याचा डाव शिकविला जात नसे. आधी पडावयास शिकविले जाई. पाठ गोल करावी, हनुवटी छातीशी घ्यावी, म्हणजे डोके आपटत नाही. आणि जमिनीला अंग लागताच हाताने जोराने थाप मारावी, म्हणजे पडण्याचा आघात विभागला जातो. याला उकेमी म्हणतात. ज्याला पडण्याची भीती उरली नाही, तोच मोकळ्या मनाने शिकू शकतो, हे कानोंनी ओळखले होते. लेपाच्या पट्ट्या लावून हिंडणारा विद्यार्थी गुरू झाला, तेव्हा आपल्या शिष्यांच्या अंगावर तशा पट्ट्या येऊ नयेत, याची त्याने अशी काळजी घेतली.

दुसरी गोष्ट डावांच्या निवडीची. जुन्या जुजुत्सुमध्ये मर्मावर प्रहार करणे, बोटे पिरगाळणे यांसारखे प्राणघातक व इजा करणारे अनेक प्रकार होते. कानोंनी सरावाचे दोन भाग पाडले. एक रांदोरी, म्हणजे मोकळी झुंज. तीत केवळ निर्धोक डावांना परवानगी असे. त्यामुळे दोघेही आपली पूर्ण ताकद लावून खेळू शकत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला येऊ शकत. दुसरा भाग काता, म्हणजे ठरावीक क्रमाने करावयाचे डाव. धोक्याचे प्रहार, सुरा किंवा तलवार घेऊन आलेल्या मनुष्यापासून बचाव करण्याचे प्रकार, हे सारे कातामध्ये शिकवीत. प्रत्यक्ष संकटात स्वतःचे रक्षण करता यावे म्हणून ते शिकावयाचे. पण सोबत्यावर जोराने आजमावयाचे नाहीत. याच्या जोडीला कानोंनी व्याख्याने आणि प्रश्नोत्तरे ठेवली. हात, डोळे, कान आणि बुद्धी या सर्वांना काम देणारी अशी ही चतुर्विध शिक्षणपद्धती होती. शिष्यांची प्रगती त्यांना कळावी म्हणून १८८३ पासून त्यांनी श्रेणी देण्यास आरंभ केला. पहिल्या श्रेणीचा मान तोमिता व साइगो यांना मिळाला.

आणि आपला मूळ प्रश्न? कमी बळाचा मनुष्य अधिक बळाच्या मनुष्याला कसा जिंकतो? कानो हे अगदी सोप्या हिशेबाने समजावून देत. समजा, समोरच्याचे बळ १० आहे आणि माझे ७. तो मला ढकलू लागला आणि मी त्याला नेट लावला, तर मी मागे जाणार हे निश्चित. परंतु तो ढकलीत असता मी नेट न लावता तितकाच मागे सरलो, तर तो पुढे झुकेल आणि त्याचा तोल जाईल. तोल गेलेल्या त्या क्षणी त्याचे बळ १० न राहता जणू ३ च राहते. माझे ७ मात्र शाबूत असतात. त्यांपैकी निम्मे वापरूनही मी त्याला पाडू शकतो. म्हणून प्रत्येक फेकीच्या तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या: आधी समोरच्याचा तोल ढळवावा, मग आपले शरीर योग्य जागी आणावे आणि शेवटी फेक करावी. पहिली पायरी चुकली, तर पुढचा सारा जोर फुकट जातो.

तोल ढळविण्याचे हे रहस्य त्यांना सतत विचार करूनच सापडले. एके दिवशी इइकुबो गुरुजींबरोबर सराव करताना कानोंनी त्यांना एकामागून एक असे कितीतरी वेळा फेकले. एरव्ही गुरुजीच त्यांना फेकीत. आश्चर्यचकित झालेल्या गुरुजींनी त्याचे कारण विचारले. कानोंनी तोलाचे सूत्र त्यांना समजावून सांगितले. ते ऐकून गुरुजींनी मोकळ्या मनाने मान्य केले, की आता आपल्याजवळ शिष्याला शिकविण्यासारखे काही उरलेले नाही. शिष्याकडून झालेला असा पराभव हीच खऱ्या गुरूची कमाई होय.

नव्या विद्येची परीक्षा होणारच होती. पुस्तके वाचणाऱ्या या तरुणाची मऊ विद्या काय कामाची, असे जुन्या परंपरेतील कित्येकांना वाटे. १८८६ च्या सुमारास टोकियोच्या पोलीस खात्याने निरनिराळ्या तालमींचे सामने भरविले. त्यांत कोदोकानच्या शिष्यांनी नामांकित मल्लांवर विजय मिळविले. साइगो शिरो हा तर कानोंपेक्षाही ठेंगणा होता. पण मांजरासारखा चपळ. या विजयांनंतर कोदोकानकडे शिष्यांची रीघ लागली.

१८८९ साली कानो शिक्षणपद्धतींचा अभ्यास करण्यासाठी युरोपात गेले. तेथून जहाजाने परत येत असताना घडलेला एक प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जहाजावर एक धिप्पाड रशियन नाविक अधिकारी होता. या लहानखोऱ्या जपानी गृहस्थाला मल्लविद्या येते, हे कळताच तो शक्तीची परीक्षा पाहण्यास पुढे सरसावला. त्याने कानोंना घट्ट पकडले. प्रवासी भोवती जमले. क्षणभरातच कानोंनी अंग वळविले आणि तो अधिकारी हवेत उचलला गेला. खाली जहाजाची कठीण फळी होती. डोके आपटले असते तर अनर्थ झाला असता. पण पडता पडता कानोंनी त्याच्या डोक्याला हाताचा आधार दिला आणि त्याला अलगद खाली आणले. अधिकाऱ्याला यत्किंचितही इजा झाली नाही. प्रवाशांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एवढ्या मोठ्या मनुष्याला पाडले, याचे कौतुक तर होतेच. पण पाडतानाही त्याला जपले, याचे कौतुक त्याहून अधिक होते.

शाळेतील दांडगट मुलांनी छळलेला तो मुलगा आठवा. बळ येताच त्यालाही दुसऱ्यांना छळता आले असते. अनेकदा असेच घडते. काल मार खाल्लेला आज मार देणारा होतो. कानोंच्या बाबतीत तसे घडले नाही. आपल्या हाती आलेले बळ दुसऱ्याला इजा न करता कसे वापरावे, याचाच त्यांनी ध्यास घेतला.

कानो हे केवळ मल्लविद्येचे गुरू नव्हते. शिक्षक हीच त्यांची खरी ओळख होती. कुमामोतो येथील उच्च विद्यालयाचे ते मुख्याध्यापक होते. १८९३ पासून त्यांनी टोकियोच्या उच्च अध्यापन विद्यालयाची धुरा हाती घेतली आणि मधला थोडा काळ सोडला, तर १९२० पर्यंत ती वाहिली. भावी शिक्षकांनी केवळ पुस्तकी न राहता पोहावे, धावावे, खेळावे, असा त्यांचा आग्रह असे. चीनमधून शिकण्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची त्यांनी १८९६ पासून व्यवस्था केली आणि पुढे त्यांच्यासाठी कोबुन ही संस्था चालविली. चीनचे थोर साहित्यिक लू शुन हे तेथील एक विद्यार्थी. ज्युदो ही पुरुषांचीच मिरासदारी असावी, असेही त्यांनी मानले नाही. १८९३ पासून ते स्त्रियांना शिकवू लागले आणि १९२६ साली कोदोकानमध्ये स्त्रियांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आपले पहिले गुरू फुकुदा यांची नात केइको हिलाही त्यांनी तेथे येण्याचे निमंत्रण दिले. ती १९३५ साली शिकू लागली आणि जन्मभर ज्युदो शिकवीत राहिली. २०१३ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी, अमेरिकेत तिचे निधन झाले. आजोबांच्या ऋणाची अशी फेड कानोंनी केली.

दुसऱ्याच्या विद्येचाही कानो मान राखीत. १९२२ साली ओकिनावा बेटावरील कराटेचे आचार्य गिचिन फुनाकोशी टोकियोत आले, तेव्हा कानोंनी त्यांना कोदोकानमध्ये बोलावून त्यांची विद्या आदराने पाहिली. आपल्या विद्येचे कुंपण घालून बसणे त्यांना ठाऊक नव्हते. भारताशीही ज्युदोचा संबंध जुना आहे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९२९ साली कोदोकानचे शिक्षक शिन्झो ताकागाकी शांतिनिकेतनात आले आणि त्यांनी तेथील विद्यार्थ्यांना ज्युदोचे धडे दिले.

आयुष्यभराच्या चिंतनातून कानोंनी ज्युदोची दोन तत्त्वे सांगितली. पहिले तत्त्व, आपल्या मनाच्या व शरीराच्या शक्तीचा उत्तमात उत्तम उपयोग करावा. शक्ती वाया घालवू नये आणि वाईट कामाला लावू नये. दुसरे तत्त्व, आपण आणि इतर या दोघांचीही भरभराट साधावी. ही तत्त्वे तालमीतच उगवलेली आहेत. जोडीदाराशिवाय ज्युदो शिकता येत नाही. आज तो आपल्याला अंग देतो म्हणून आपण फेक शिकतो. उद्या आपण त्याला अंग द्यावयाचे असते. त्याला दुखापत केली, तर आपलाही सराव बुडतो. म्हणूनच झुंजीच्या आधी आणि नंतर दोघेही एकमेकांना वाकून नमस्कार करतात.

१९०९ साली कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले. त्या समितीवर निवडले गेलेले ते पहिलेच आशियाई गृहस्थ. त्यांच्याच पुढाकाराने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये जपानचे दोन धावपटू प्रथमच उतरले. पुढे ऑलिंपिक टोकियोत भरावे म्हणून त्यांनी वृद्धापकाळी देशोदेशी प्रवास केला. १९३६ साली १९४० च्या सामन्यांचा मान टोकियोला मिळाला. १९३८ साली कैरो येथे समितीची सभा झाली. ती आटोपून अमेरिकेमार्गे हिकावा मारू या जहाजाने मायदेशी परतत असता ४ मे १९३८ रोजी न्यूमोनियाने कानोंचे निधन झाले. त्या वेळी ते ७७ वर्षांचे होते. दोन दिवसांनी जहाज योकोहामाच्या बंदराला लागले. लवकरच युद्धामुळे जपानने ते सामने सोडून दिले. ज्या सामन्यांसाठी वृद्ध कानो झिजले, ते झालेच नाहीत.

परंतु पेरलेले बी वाया गेले नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक भरले आणि त्यात ज्युदोचा प्रथमच समावेश झाला. सर्व वजनांसाठी खुल्या असलेल्या गटाची अंतिम झुंज जपानचा अकिओ कामिनागा आणि हॉलंडचा आंतोन खेसिंक यांच्यात झाली. खेसिंक साडेसहा फूट उंचीचा, पण केवळ बळावर विसंबणारा नव्हता. जपानमध्ये राहून त्याने ही विद्या मनापासून अभ्यासिली होती. त्याने कामिनागाला जमिनीवर जखडून ठेवले आणि सामना जिंकला. हजारो जपानी प्रेक्षक सुन्न झाले. खेसिंकचे काही देशबांधव आनंदाने बेभान होऊन चटयांवर धावले. तेव्हा खेसिंकने हात वर करून त्यांना तेथेच थोपविले. आधी त्याने हरलेल्या प्रतिस्पर्ध्याला मान दिला, रीतीप्रमाणे नमस्कार केला. मगच तो आनंदात सामील झाला. त्या दिवशी जपानी खेळाडू हरला. पण कानोंची शिकवण जिंकली. सातासमुद्रांपलीकडच्या एका मनुष्याने ती किती खोलवर आत्मसात केली होती, हे साऱ्या जगाने पाहिले.

आज जगातील सुमारे २०० देशांत ज्युदो खेळला जातो. भारतातही मुले आणि मुली तो शिकतात. त्यांपैकी प्रत्येकजण पहिल्या दिवशी पडावयास शिकतो, मग तोल सांभाळावयास आणि त्यानंतर पाडावयास. जीवनातही हाच क्रम आहे. पडण्याला भिऊ नये. बळापुढे नुसते बळ लावण्यापेक्षा बुद्धी लावावी. आणि विजयाच्या क्षणीसुद्धा समोरच्याच्या डोक्याखाली आपला हात असावा. जिगोरो कानो यांनी जगाला दिलेला सर्वांत मोठा डाव हाच होय.